गोधडी टाकू नकोस, पण जपूही नकोस

चि. सानिका हिस,


इमारत पाडायची म्हणून घर रिकामं करताना तुझं आणि तुझ्या आईचं, म्हणजे माझ्या वहिनीचं, आजीच्या गोधडीवरून वाजलं, हे दोघींच्याही फोनवरून कळलं. ती म्हणते, चिंध्या झाल्यात, टाक. तू म्हणतेस, लहानपणी हिच्याशिवाय मला झोप यायची नाही, ही टाकायची नाही. पंच म्हणून मलाच नेमलंत, तर ऐक.

तिशी गाठलेल्या बाईला गोधडीसाठी रडू येतं, यात लाजण्यासारखं काही नाही. डोनाल्ड विनिकॉट नावाचे एक ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक होते. त्यांनी १९५३ साली याच विषयावर एक निबंध छापला. आई आणि आपण वेगळे आहोत हे बाळाला उमगू लागतं, तेव्हा ते एखादं मऊ फडकं किंवा बाहुली धरून बसतं. तेवढ्या आधारावर त्याला आईविना झोप लागते. त्या फडक्याचा वाससुद्धा बदललेला त्याला खपत नाही. वहिनीनं गोधडी धुतली की तू रुसायचीस, ते उगाच नव्हे. पण विनिकॉट पुढे असंही म्हणतात की अशी वस्तू मूल विसरत नाही आणि तिच्यासाठी झुरतही नाही. तिचं काम हळूहळू संपतं.

याचं एक उदाहरण बघ. ‘विनी द पू’ या मुलांच्या पुस्तकातलं अस्वल खरोखरचं होतं, लेखक ए. ए. मिल्न यांच्या मुलाचं, क्रिस्टोफर रॉबिनचं. ते आणि त्याचे सोबती १९८७ पासून न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाकडे आहेत. लोक काचेतून ती खेळणी बघायला जातात. आणि ज्याची ती होती, त्यानं मोठेपणी आठवणींच्या पुस्तकात सांगून टाकलं, की ती जवळ नाहीत याचं मला वाईट वाटत नाही.

तुला ते जमणार नाही, आणि जमायला हवंच असंही नाही. पण काचेच्या कपाटाचाही हट्ट धरू नकोस. आधी गोधडी होते कशी ते बघ. तुझ्या आजीचं इरकली लुगडं आधी सणावाराला निघायचं, मग रोज नेसलं गेलं, आणि विरल्यावर गोधडीत आलं. आत भर म्हणून त्याहून जुनी गोधडी घातली होती. म्हणजे तू जी जपायची म्हणतेस, ती कुणाची तरी आवडती वस्तू फाडूनच झाली आहे. आजीचा त्या लुगड्यावर जीव होता, तरी कात्री लावताना तिचा हात अडला नाही. तिचं काही ठेवायचं असेल, तर ही रीत ठेव.

आता करायचं काय ते सांगते. गोधडी मशीनमध्ये घालू नकोस, पाण्यात लगदा होईल. सावलीत पसरून धूळ झटक. मग बोटानं चाचपून जिथे कापड अजून धरतंय तेवढे तुकडे काप. काठ टिकले असतील, तेही घे. धुऊन खळ काढलेल्या मांजरपाटावर ते मांड आणि सगळीकडून धावदोरा घाल, म्हणजे ताण नव्या कापडावर येईल. घाई असेल तर तुकडे सुती कापडात गुंडाळून ठेव. प्लास्टिकच्या पिशवीत नको, पावसाळ्यात आत ओल धरून बुरशी येते. खळ लावलेलं कापडही नको, खळीला कसर लागते.

जे धरत नाही ते वहिनीच्या हाती दे, आणि तिनं काय केलं ते विचारू नकोस. तीस वर्षं ती गोधडी धुणारी, वाळवणारी तीच. एवढा हक्क तिचा आहे.

अशी शिवलेली नवी गोधडी मात्र पांघरायला काढ. उद्या तुझ्या घरी येणाऱ्या पोरांनाही दे, त्यांनी ओढली, फाडली तरी ओरडू नकोस. सुईदोरा आहेच.

तुझी,
आत्या