दाढीचे सोवळे

मंगळवारी, शनिवारी, अमावास्येला दाढी करू नये. केल्यावर अंघोळ होईपर्यंत कशाला शिवू नये, असे मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले. दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ 1810 मध्ये ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली पडला आणि त्याचेच पुढे लष्कर हे शहर झाले. शिंदे की छावनी ही वस्ती त्यातलीच. दक्षिणेतून आलेल्या घरांबरोबर देवघर आले, तसे सोवळेओवळेही आले. आज तिथला मिसरूड फुटलेला मुलगा पहिल्यांदा सेफ्टी रेझर उचलतो, तेव्हा त्याच्यापुढे खरा धर्मप्रश्न उभा असतो: दाढीने विटाळ होतो म्हणतात, तो नेमका कशाचा? माझ्या मते तो ना केसांचा होता ना पात्याचा. दाढी करणाऱ्या माणसाला आपण जी खालची पायरी दिली, तिचा तो होता.

नवशिक्या काय करतो ते जवळून पाहा. उघडा वस्तरा चालवायला नाभिकाचे मुरलेले मनगट लागे. 1904 मध्ये किंग जिलेटला पेटंट मिळालेल्या रेझरने पात्याची फक्त कड उघडी ठेवली आणि ते काम घरच्या आरशापुढे आणले. तरी शिकावे लागतेच. गाल कोमट पाण्याने भिजवायचा, फेस मुरू द्यायचा, डाव्या हाताने कातडी ताणून पाते साधारण तीस अंशांत टेकवायचे आणि केसांच्या दिशेने आखूड हात फिरवायचा. दाबायचे मुळीच नाही, रेझरचे वजनच काम करते. हनुवटीखाली जोर दिला की पांढऱ्या फेसात लाल ठिपका उमटतो, मग तुरटी. हाच हात धुतला की देवाला फूल वाहतो, ताटातला घास उचलतो, आणि कोणी हरकत घेत नाही. खुंट तेच, धार तीच, गाल तोच. बदलला तो फक्त हात.

कोणी म्हणेल, नियम स्वच्छतेचा होता. केस अंगावर पडतात म्हणून अंघोळ. हे पटण्यासारखे आहे. पण स्वच्छतेचा नियम अंघोळीपाशी संपायला हवा होता. न्हावी स्वच्छ अंघोळ करून आला, तरी सोवळ्याच्या घरात त्याची जागा ओटीवरच राहिली.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: स्वतः दाढी केल्याने भेद मिटत नाही, उलट स्पर्शाचा प्रसंगच टळतो, आणि बलुतेदाराची रोजी जाते ती वेगळीच. हे खरे आहे. यंत्र माणसाला समता शिकवत नाही. ते फक्त जुनी सबब काढून घेते. गांधीजींनी आत्मकथेत लिहिले आहे की प्रिटोरियात गोऱ्या न्हाव्याने नकार दिल्यावर त्यांनी केस कापायचे यंत्र घेऊन स्वतःच केस कापले. पण ते स्वावलंबनाच्या समाधानावर थांबले नाहीत. आपणही आपल्या न्हाव्यांना अस्पृश्यांचे केस कापू देत नाही, हे त्यांनी तिथेच कबूल केले. आरशापुढे उभे राहून करायचा विचार तो हाच.

आणि ज्याला खालचा मानले, त्याची धर्मबुद्धी तरी कशी होती? 1890 मध्ये मुंबईच्या नाभिकांनी विधवांचे केशवपन करायचे नाकारले. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांचा त्यात पुढाकार होता. शास्त्राच्या नावाने चाललेला अन्याय वस्तरा धरणाऱ्या हाताने ओळखला. वारकऱ्यांनी हे आधीच जाणले होते. सेना न्हावी पूजेत बसले असता राजाचे बोलावणे आले, तेव्हा विठ्ठलच धोकटी काखेत मारून हजामतीला गेला, अशी कथा आहे. सेनामहाराजांचे नाव आपल्या मध्य प्रदेशातल्या बांधवगडाशीही जोडले जाते. देवाने जे काम अंगावर घेतले, ते विटाळाचे कसे?

तेव्हा मुलांनो, दाढी घरी जरूर शिका, मंगळवारीही करा. केस कापायला मात्र छावनीतल्या दुकानात खुर्चीवर बसावेच लागेल. तिथल्या कारागिराला 'तू' म्हणू नका, 'आप' म्हणा, आणि पैसे त्याच्या हातात द्या.