यार्देनेची लाज

शास्त्रपाठ : २ राजे, अध्याय ५, ओव्या १ ते १९



अरामी सेनापती नामान आपले घोडे व रथ घेऊन अलीशाच्या दारी उभा राहिला, ही कथा आपणांस रविवारच्या शाळेपासून ठाऊक आहे. संदेष्टा बाहेरही आला नाही. यार्देनेत सात वेळा स्नान कर, एवढाच निरोप त्याने पाठविला, आणि नामान संतापला. उपाय कठीण होता म्हणून तो संतापला काय? नाही. उपाय फार सोपा होता, हलका होता, त्यात सेनापतीचा मान राहत नव्हता. त्याला दिमिष्काच्या मोठ्या नद्या आठवल्या. शेवटी त्याच्या चाकरांनीच त्याला विचारले की, एखादे अवघड काम सांगितले असते तर आपण ते केले असते ना? मग हे सोपे का नको?

चाकरांचा हा प्रश्न आम्ही आज आपल्या खेड्यांतील एका अगदी साध्या गोष्टीला लावू इच्छितो. ती गोष्ट म्हणजे दोन खड्ड्यांचा संडास. उपासनेत असला विषय काढणे कित्येकांस अनुचित वाटेल. पण शास्त्रास तो अनुचित वाटला नाही. ज्या अनुवादाच्या पुस्तकात दहा आज्ञा आहेत, त्याच पुस्तकाच्या तेविसाव्या अध्यायात छावणीबाहेर खड्डा खणून मळ मातीने झाकण्याचा नियम दिला आहे, आणि कारणही सांगितले आहे की परमेश्वर छावणीतून फिरतो. या नियमात एक गोष्ट विशेष पाहण्याजोगी आहे. खणावयाचे साधन ज्याने त्याने आपल्या हत्यारांबरोबर बाळगावयाचे होते. झाकण्याचे काम इस्राएलात कोणा एका कुळावर लादलेले नव्हते.

आता आपल्याकडे पाहू. २००० साली महाराष्ट्रात संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. २०१४ च्या २ ऑक्टोबरपासून स्वच्छ भारत अभियान आले व घरामागे बारा हजार रुपयांचे साहाय्य मिळू लागले. संडास झाले. घराजवळ ही घाण कशास, असे म्हणणारी म्हातारी माणसेही बहुतेक निवळली, विशेषतः सुनांना व लेकींना अंधार पडण्याची वाट पाहावी लागत नाही हे त्यांनी पाहिले तेव्हा. विरोध उरला आहे तो लहान खड्ड्याला. “पाळकसाहेब, मोठी टाकी बांधली की वीस वर्षे बघायला नको,” असे मंडळीतील वडील आम्हांस सांगतात. दादा, मग एकविसाव्या वर्षी कोण बघणार?

लहान खड्ड्याची रीत अशी आहे. सुमारे एक मीटर रुंद व त्याहून थोडे खोल असे दोन खड्डे, एकमेकांपासून मीटरभर अंतरावर. भिंत विटांची, पण जाळीदार. तळ मातीचाच, तेथे सिमेंट घालावयाचे नाही. एका वेळी एकच खड्डा वापरावयाचा. पाणी व वायू मातीत जिरतात, म्हणून उंच नळाचीही गरज नाही. उतरते भांडे बसविले असता तांब्या-दीड तांब्या पाणी पुरते. पाच-सहा माणसांच्या घरास एक खड्डा तीनेक वर्षे चालतो. तो भरला की दुसरा सुरू करावयाचा आणि पहिला निदान दीड-दोन वर्षे मिटून ठेवावयाचा. नंतर उघडून पाहाल तर आत मळ नसतो. काळसर, भुसभुशीत, दुर्गंध नसलेली माती असते. आपले वाडवडील ज्याला सोनखत म्हणत, ते हेच.

मोठ्या टाकीची गोष्ट निराळी. तिच्यात मळ कुजतो, पण त्याची माती होत नाही. वरचे पाणी शोषखड्ड्यात सोडावयाचे असते, ते पुष्कळ ठिकाणी गटारात सोडतात. दोन-तीन वर्षांनी टाकी उपसावी लागते. आत हायड्रोजन सल्फाइड व मिथेन हे वायू साठतात, आणि त्यांत उतरलेला मनुष्य पुष्कळदा वर येत नाही. हाताने मळ उचलण्याच्या कामाला मनुष्य लावण्यास बंदी करणारे कायदे १९९३ व २०१३ साली झाले. मृतांच्या कुटुंबास दहा लाख रुपये द्यावेत असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या मार्चमध्ये ठरविले, आणि २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये ती रक्कम तीस लाख केली. ती रक्कम वाढवावी लागली, यावरूनच काय ते समजावे.

येथे आम्हांस स्पष्ट बोलणे भाग आहे. आपल्या मंडळ्यांतील कित्येकांच्या वाडवडिलांच्या कपाळी गावाची घाण उचलण्याचे कामच मारले गेले होते. खड्डा उघडणे म्हटले की तोच डाग पुन्हा लागेल, असे त्यांस वाटते. हे दुःख खरे आहे व त्याची थट्टा कोणी करू नये. पण विचार करा : आपल्या घरची माती आपण आपल्या फावड्याने काढणे, आणि दुसऱ्याच्या लेकाला दोरीने टाकीत सोडणे, यांपैकी जुनी गुलामगिरी कशात आहे? दासाचे काम दासावर ढकलून आपण सुटलो असे प्रभु येशूने मानले असते, तर त्या रात्री शिष्यांचे पाय कोणी धुतले असते?

ख्रिस्ताचे नाव न घेणाऱ्यांनी हे आपल्याआधी ओळखले. कोकणातील अप्पा पटवर्धन जन्माने ब्राह्मण. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम मला द्या म्हणून ते हटून बसले. त्यांच्यासाठी येरवड्यात गांधीजींनीही उपोषण आरंभिले. पुढे कणकवलीजवळ गोपुरी येथे अप्पांनी स्वस्त व सुधारलेले संडास बनविण्यास वाहून घेतले. देहूच्या आरोग्य केंद्रात काम करणारे डॉ. मापुसकर यांनी बांधविलेले पहिले संडास पावसात ढासळले व लोक रागावले. परंतु डॉक्टर गाव सोडून गेले नाहीत. अप्पांच्या रचनेवरून शिकून त्यांनी पुन्हा बांधले, आणि पुढे संडासाला जोडलेला गॅसही घरोघरी नेला. २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी फेब्रुवारीत तेलंगणातील गंगादेवीपल्ली गावी केंद्र सरकारचे सचिव परमेश्वरन अय्यर स्वतः खड्ड्यात उतरले व हातांनी खत काढून त्यांनी लोकांस दाखविले.

भिवंडी तालुक्यातील कोन व आसपासच्या गावांस येथे थोडे अधिक सांगणे अवश्य आहे. कोन हे उल्हास नदीच्या खाडीकाठी, कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्यासमोरच्या तीरावर वसलेले. २०११ च्या जनगणनेत ते नगर म्हणून गणले गेले, तरी कारभार ग्रामपंचायतीचाच होता. अशा खाडीकाठी पावसाळ्यात पाणी वर येते. तेथे देशावरचा नकाशा जसाच्या तसा आणू नये. खड्डा कमी खोल घ्यावा, तोंड जमिनीच्या वर उचलावे, भोवती मातीचा भराव घालावा, आणि विहीर निदान दहा मीटर दूर असावी. जेथे बारमाही पाणी लागते तेथे हा प्रकार करूच नये. तेथे जमिनीवर बांधलेला कोरडा संडास बरा. त्यात मूत्र वेगळे जाते व मळावर प्रत्येक वेळी राख टाकतात. यालाही लोक प्रथम हसतात. यार्देनेच्या काठी नामानाचे चाकर तेवढे हसले नव्हते.

उपदेशक बंधूंनो, भाताची कापणी आटोपून जमीन सुकली की आपल्या मंडळीत पुढीलप्रमाणे करा. प्रथम प्रत्येक घरच्या चेंबरचे झाकण काढून पाहा. खड्ड्यांकडे जाणाऱ्या दोन तोंडांपैकी एक विटेने बंद असले पाहिजे. पुष्कळ ठिकाणी गवंड्याने दोन्ही उघडी ठेवली आहेत; मग दोन्ही खड्डे एकदम भरतात आणि एकालाही विसावा मिळत नाही. न्हाणीचे पाणी, फिनेल किंवा अॅसिड खड्ड्यात जात असल्यास बंद करवा. नंतर ज्या घरचा खड्डा पुरी दोन वर्षे मिटून आहे तो सर्वांदेखत उघडा. शक्य तर तो पाळकाचा अथवा मंडळीतील एखाद्या वडिलांचा असावा, आणि पहिले फावडे त्यांनीच मारावे. निघालेली माती पालेभाजीला न घालता केळीच्या व नारळाच्या आळ्यांत घाला, आणि मुलांना जवळ उभे राहून पाहू द्या.