शेळीमागचे गज

अकोले तालुक्यात प्रवरेकाठी ज्या अगस्ती ऋषींचा आश्रम दाखवतात, त्यांना महाभारतात एका शिकाऱ्याने साक्षीला ओढलं आहे. हरणाच्या रूपात मादीशी रत झालेल्या किंदम ऋषीला पांडूने बाण मारला. त्याचा बचाव असा, की राजाने हरणं उघड मारावीत नाहीतर कपटाने, दोन्ही चालतं; सत्राला बसलेल्या अगस्तींनीही मृगया केलीच होती. किंदम त्यावर म्हणतो, हरीण मारलंस ही माझी तक्रार नाही, तू थांबला नाहीस ही आहे. मारणं मान्य केल्यावरही मारण्याच्या रीतीचा हिशेब वेगळा द्यावा लागतो, एवढं त्यातून निघतं. अगस्तींची दुसरी कथा तर आमिषाचीच आहे. इल्वल आपल्या भावाला, वातापीला, मेंढा करून शिजवायचा, पाहुण्याला वाढायचा आणि मग हाक मारून त्याच्या पोटातून बाहेर काढायचा. अगस्तींनी वातापी पचवला म्हणून ते वाचले. त्या कथेत आपल्याला चीड येते ती नुसत्या खुनाची नाही. जेवायला बोलावून केलेल्या खुनाची येते.

त्याच नजरेने बिबट्यासाठी लावलेला पिंजरा जवळून पाहावा. मागच्या कप्प्यात शेळी, मध्ये गज, पुढच्या कप्प्यात पाय पडला की दार खाली. एकटी पडलेली शेळी रात्रभर ओरडते, आणि ते ओरडणंच खरं आमिष असतं. आत आलेल्या बिबट्याला ती मिळत नाही, म्हणजे देऊ केलेलं अन्नही खोटंच. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आमिष लावण्याला शिकारीच्या व्याख्येतच घातलं आहे. वनखात्यालाही त्यासाठी वरून लेखी परवानगी लागते. कोणी म्हणेल, बिबट्या तरी कुठे सांगून येतो? खरं आहे, तो लपतो. पण लपणं वेगळं आणि देण्याचं सोंग करणं वेगळं. याच तालुक्याच्या डोंगराकडच्या गावांत वाघबारशीला वाघोबापुढे नैवेद्य ठेवतात. तिथे देणं म्हणजे देणंच, त्यामागे दार नसतं.

याहून वजनदार आक्षेप रामायणातला आहे. झाडाआडून बाण का मारलास, असं वालीने विचारलं तेव्हा रामाने सांगितलं की माणसं फास लावून, जाळी टाकून, लपून जनावरं धरतात, त्यात दोष नाही, आणि तू तर वानर. पण त्याच उत्तरात भावाची बायको ठेवल्याबद्दल वालीला अधर्माची शिक्षाही आहे. माझ्या मते रामाची ही बाजू लंगडी आहे: वाली धर्म जाणणारा असेल तर त्याला आडून मारता येत नाही, आणि नुसतं जनावर असेल तर शिक्षा कसली? बिबट्याशी आपण नेमके असेच वागतो. त्याला नरभक्षक म्हणतो, म्हणजे गुन्हेगार ठरवतो, आणि मग असा सापळा लावतो ज्याला गुन्हेगार ओळखता येत नाही. शेळीच्या ओरडण्याला जो येईल तो आत. अकोल्याच्या बागायती खोऱ्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी कॅमेरे लावून केलेला, 2013 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की 100 चौरस किलोमीटरमागे सुमारे 5 प्रौढ बिबटे आणि जवळपास तितकीच तरसं तिथे होती, तीही चौरस किलोमीटरला 300 हून अधिक माणसांच्या वस्तीत. एवढ्या दाटीत पिंजऱ्यात सापडलेला तोच होता, हे कशावरून?

शिवाय आमिषाची ओढ ते लावणाऱ्याच्या बांधापाशी थांबत नाही. अमेरिकेत मेन राज्यात अस्वलांसाठी आमिष लावतात, तिथे आमिषाच्या जागी शिकाऱ्याला नाव-पत्त्याची पाटी लावावी लागते; ही रीत शिकाऱ्या-शिकाऱ्यांतली, अस्वलाला तिचा उपयोग शून्य. आपल्याकडे तेवढीही पाटी नाही. आमच्या शिवारात पिंजरा लावा ही मागणी रास्त वाटते, पण शेजारच्या शिवारातून ओढून आणलेला बिबट्या धरून दूरच्या जंगलात सोडला की त्याची झळ तिथल्या वस्तीला. जुन्नर भागात 2001 नंतर असं सोडणं वाढलं. वर्षाला सरासरी 4 असलेले माणसांवरचे हल्ले 17 वर गेले. ऊस वाढला, कुत्री वाढली, अशी इतर कारणंही असतील, पण पकडापकडीने हल्ले कमी झाले असं कोणाला म्हणता येणार नाही. उसाच्या कडेला मूल गमावलेल्या घरासमोर हा युक्तिवाद मांडवत नाही, हे मी कबूल करतो. तिथे पिंजरा लावावाच लागेल. आपद्धर्म म्हणून लावावा, ठसे आणि कॅमेरे पाहून, ज्याने मारलं त्याच्याच वाटेवर. आणि शेजारच्या गावाला आधी कळवून. एका गावातल्या पिंजऱ्याच्या फोटोत शेळी दिसली की आणखी चार गावांनी पिंजरा मागायचा, हा मात्र आपद्धर्म नव्हे, ती इल्वलाची पंगत झाली.