मुद्दल आणि व्याज

देवस्थानाच्या कारभाराशी ज्याचा थोडाबहुत संबंध आला आहे, त्याला मुद्दल आणि व्याज यांतील भेद शिकवावा लागत नाही. देवाच्या नावे कोणी कायम ठेव ठेवली, तर तिच्या व्याजातून पूजा, नैवेद्य व दिवाबत्ती चालावी आणि मूळ रक्कम पुढील समितीच्या हाती जशीच्या तशी पडावी, हा दंडक सामान्य भाविकालाही ठाऊक असतो. एखाद्या समितीने ठेव मोडून जत्रेचा थाट दुप्पट केला, तर त्या वर्षी लोक वाहवा करतील. परंतु तिने देवस्थानाचे उत्पन्न वाढविले, असे कोणी म्हणणार नाही. जो भेद आपण देवळाच्या वहीत इतक्या सहजतेने पाळतो, तो राज्याच्या वहीत का पाळला जात नाही, असा प्रश्न आज अर्थशास्त्र शिकणारे काही तरुण विचारीत आहेत. प्रश्न साधा आहे. पण त्याचे उत्तर देताना वडीलधाऱ्यांची जीभ अडखळते. म्हणूनच त्याचा शांतपणे विचार करणे अवश्य आहे.

प्रश्नाला निमित्त गोव्याच्या लोहखनिजाचे. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या तालुक्यांतील डोंगरांत हे धन युगानुयुगे पडून होते. पोर्तुगीज अमदानीत दिलेल्या खाणींच्या सवलती १९८७ च्या कायद्याने खाणपट्टे ठरल्या. पुढे या शतकाच्या पहिल्या दशकात चीनच्या पोलाद कारखान्यांची भूक वाढली, कमी प्रतीच्या खनिजालाही भाव आला आणि २०१०-११ साली निर्यात पाच कोटी टनांच्या घरात गेली. सप्टेंबर २०१२ मध्ये शहा आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला, खाणी थांबल्या आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयानेही त्या थांबविण्याचा आदेश दिला. २१ एप्रिल २०१४ च्या निकालात न्यायालयाने सांगितले, की या पट्ट्यांची मुदत नोव्हेंबर २००७ मध्येच संपली होती. त्याच निकालाने उत्खननावर वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घातली आणि विक्रीच्या रकमेतील १० टक्के भाग भावी पिढ्यांसाठी एका कायम निधीत ठेवण्यास सांगितले. फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले व मार्चमध्ये खाणी पुन्हा बंद पडल्या. डिसेंबर २०२२ मध्ये पट्ट्यांचे पहिले लिलाव झाले आणि त्यानंतर काही ठिकाणी काम परत सुरू झाले.

या घडामोडींकडे विद्यार्थी एकाच दृष्टीने पाहत नाहीत, हे आधी ध्यानात घेतले पाहिजे. ज्याच्या घरचा ट्रक २०१२ नंतर दारात उभा राहिला, हप्ते थकले आणि बहिणीचे लग्न लांबले, तो विद्यार्थी विचारतो : आज जिवंत असलेल्या माणसाची भाकर हिरावून, अजून जन्मालाही न आलेल्या माणसासाठी धन राखणे ही कसली नीती? ज्याच्या गावची विहीर खाणीच्या खोल खड्ड्यातून पाणी उपसल्यामुळे आटली आणि ज्याच्या शेतात पावसाळ्यात तांबडा गाळ उतरला, तो विचारतो : डोंगर एकदा विकला की पुन्हा उगवत नाही, मग आमच्या वाट्याचे तुम्ही कोणाला विचारून विकले? दोघेही खोटे बोलत नाहीत. एकाला स्वार्थी म्हणून व दुसऱ्याला भाबडा म्हणून निकालात काढणे सोपे आहे. पण तसे केल्याने प्रश्न सुटत नाही.

येथे अर्थशास्त्र काय सांगते? इंग्लंडचे जॉन हिक्स यांनी १९३९ च्या आपल्या ग्रंथात उत्पन्नाची व्याख्या अशा आशयाची केली आहे, की काळाच्या आरंभी आपण जितके संपन्न होतो तितकेच अखेरीस राहून जेवढे खर्च करता येईल, तेवढेच उत्पन्न. देवस्थानाचा खजिनदार यापेक्षा वेगळे काही सांगणार नाही. या कसोटीला लावले, तर खनिज विकून आलेला पैसा हे उत्पन्न नव्हेच. तो जमिनीतील ठेव मोडून आलेला पैसा आहे. तरीही राज्याच्या अंदाजपत्रकात खनिजाची रॉयल्टी वर्षाच्या महसुलात जमा होते आणि वर्षाच्या खर्चात संपते. डोंगर किती कमी झाला, याचा रकाना त्या पत्रकात नसतो. मे २०१४ मध्ये जगातील अनेक देशांच्या अर्थशास्त्र-विद्यार्थी संघटनांनी एक संयुक्त पत्र काढून आपल्याला एकाच साच्याचे अर्थशास्त्र शिकविले जाते, अशी तक्रार केली होती. पाठ्यक्रमाच्या चौकटीबाहेर राहिलेले असे रिकामे रकाने पाहिले, म्हणजे त्या तक्रारीत तथ्य होते, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

भविष्याला कमी लेखण्याची रीत तर हिशेबातच रुजलेली आहे. दरसाल दहा टक्के दराने मोजले, तर पन्नास वर्षांनी मिळणाऱ्या शंभर रुपयांची आजची किंमत सुमारे पंच्याऐंशी पैसे भरते. हे गणित चूक नाही. पण त्यामागची अट बहुधा विसरली जाते. ते पंच्याऐंशी पैसे आज खरोखरच दहा टक्क्यांनी गुंतविले, तरच पन्नास वर्षांनी त्यांचे शंभर होतील. खाऊन टाकले, तर नातवाच्या हाती शंभरही नाहीत आणि पंच्याऐंशी पैसेही नाहीत. १९२८ साली केंब्रिजच्या फ्रँक रॅम्से या अवघ्या पंचविशीतील गणितज्ञाने बचतीच्या प्रश्नावर निबंध लिहिला, तेव्हा पुढील काळातील सुख केवळ ते पुढील म्हणून कमी मोजण्याला नीतीचा आधार नाही, असेच त्याने मांडले होते. हा विचार एका तरुणाने मांडावा, यात नवल वाटण्याचे कारण नाही. पन्नास वर्षांनंतरचा काळ वृद्धाला कल्पनेत दिसतो. तरुणाला तो जगावयाचा असतो.

परंतु जो अद्याप जन्मला नाही, त्याला हक्क कसला, असा आक्षेप येतो. या आक्षेपाला उत्तर देण्यासाठी देवळाच्या वाचकांना फार दूर जावे लागणार नाही. आपल्याकडील कायद्याने देवाला संपत्ती धारण करणारी व्यक्ती मानले आहे. देव स्वतः न्यायालयात येऊन बोलत नाही, वहीवर सही करीत नाही. म्हणून त्याच्या मालमत्तेची राखण अज्ञान बालकाच्या मालमत्तेसारखी करावी, असा दंडक आहे. जो बोलू शकत नाही त्याच्या धनाबाबत अधिक सावध राहावे, कमी नव्हे, हे या दंडकाचे मर्म. भावी पिढी हीसुद्धा तशीच मुकी धनको आहे. नैसर्गिक संपत्तीच्या बाबतीत सरकार हे मालक नसून विश्वस्त आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या एका निकालात सांगितले. आपल्या महाजनांना हे तत्त्व परके वाटू नये. गावच्या कोमुनिदादीतही शेते सामाईक राहत, बांध-बंदिस्तीचा व इतर खर्च भागवून उरलेले तेवढेच ‘जोण’ म्हणून गावकऱ्यांत वाटले जाई. वाटा पिकाचा होता, जमिनीचा नव्हे.

आता ट्रकवाल्याच्या मुलाकडे वळू. कारण त्याला उत्तर दिल्याविना ही सारी नीती पोट भरलेल्यांची ठरेल. मुद्दल राखणे म्हणजे आजच्या माणसाला उपाशी ठेवणे नव्हे. देवस्थानाच्या ठेवीवर पुजाऱ्याचे व वाजंत्र्याचे घर चालते, ते व्याजावरच. नॉर्वेने तेलाच्या पैशासाठी १९९० साली कायदा करून निधी उभारला, १९९६ मध्ये त्यात पहिली रक्कम पडली आणि २००१ पासून त्यातील वास्तविक परतावा अपेक्षेने जेवढा असेल, सुमारे तेवढेच खर्चावे असा नियम ठेवला. आधी हे प्रमाण चार टक्के धरले होते, २०१७ मध्ये तीन केले. उलट, पॅसिफिक महासागरातील नौरू बेट १९६८ साली स्वतंत्र झाले, फॉस्फेट विकून काही काळ अपार श्रीमंतीत राहिले, विश्वस्त निधी वाईट गुंतवणुकीत व उधळपट्टीत गमावून बसले आणि खडकाळ, उजाड जमीन तेवढी मागे उरली. काम करणाऱ्याची मजुरी, वाहतुकीचे भाडे हे खनिज काढण्याचा खर्च म्हणून त्याला मिळालेच पाहिजेत. त्यांवर निधीने डोळा ठेवण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो सर्व खर्च व वाजवी नफा वजा जाता जे उरते, ते कोणाचे याचा. खाणी अचानक थांबल्या तेव्हा सर्वांत मोठा घाव मजुरावर व कर्जदार ट्रकमालकावर पडला. त्याचे एक कारण असे, की भरभराटीच्या वर्षांत मुद्दल बाजूला ठेवले गेले नव्हते. ठेवले असते, तर पडत्या काळात आधाराला व्याज असते. म्हणजे नातवाचे धन राखले असते, तर ते बापाच्याही उपयोगी पडले असते.

तथापि निधी उभारला म्हणजे कर्तव्य संपले, असे समजू नये. विक्रीचे दहा टक्के त्या उरलेल्या रकमेची बरोबरी करतात की नाही, हे वही उघडल्याशिवाय कळणार नाही. शिवाय आटलेला झरा व्याजाने परत येत नाही. ठेवीच्या पावतीने जत्रेचा खर्च भागतो, तीर्थाचे पाणी मिळत नाही. ज्या वस्तूला पैसा हा पर्याय नाही, ती मुळात विकावयाची नसते, ही मर्यादा कोणत्याही हिशेबाच्या आधी घालून घ्यावी लागते. आणि ती कोठे घालावी, हे त्या पाण्यावर जगणाऱ्या गावाला विचारूनच ठरले पाहिजे.

देवस्थानात जुनी समिती पायउतार होते तेव्हा नव्या समितीच्या हाती दागिने मोजून, वही वाचून, शिल्लक दाखवून कारभार सोपविते. नवी समिती विश्वासू नाही किंवा अननुभवी आहे, अशी सबब सांगून कोणी हिशेब टाळीत नाही. विद्यार्थ्यांची मागणी याहून अधिक नाही. किती खनिज होते, किती काढले, काय भावाने गेले, निधीत किती पडले व किती पडावयास हवे होते, हे त्यांना सालवार दाखविणे एवढे तरी आपल्या हातचे आहे. ट्रकवाल्याचा मुलगा आणि आटलेल्या विहिरीचा मुलगा ती वही एकत्र बसून वाचू लागले, की त्यांचे भांडण एकमेकांशी नव्हते, हे दोघांच्याही ध्यानी येईल.