पडद्यावरची चेटकीण आणि चौकातली म्हातारी

गुलशन कुमार यांनी 1980 च्या दशकात टी-सीरिजच्या स्वस्त कॅसेटी पानठेल्यापर्यंत पोचवल्या आणि एचएमव्हीची मक्तेदारी मोडली. त्या व्यापारात भजन-आरत्यांचा वाटा मोठा होता. आज त्याच कंपनीचे ‘किड्स हट’ हे चॅनेल मुलांना ॲनिमेशनमधली बडबडगीते आणि गोष्टी पुरवते. संगीताच्या धंद्यातून कार्टूनच्या धंद्यात शिरणे हे पाप नव्हे. चाली हाताशी, गायक हाताशी, वितरणाची वाट मळलेली. चित्र तेवढे जोडायचे. अडचण गिऱ्हाइकाची आहे. कॅसेट घेणारा पैसे मोजत असे आणि पसंत नसेल तर पुन्हा घेत नसे. कार्टूनचे गिऱ्हाईक चार वर्षांचे. त्याला माल पारखता येत नाही, त्याच्या खिशात दमडी नाही, तरी त्याच्या डोळ्यांची किंमत जाहिरातदार मोजतोच. पालकांच्या संमतीविना मुलांची माहिती गोळा केल्याच्या आरोपावरून 2019 साली अमेरिकेत गूगल आणि यूट्यूबला 17 कोटी डॉलर भरावे लागले. मूल हे किती किफायतशीर गिऱ्हाईक आहे, ते यावरून कळावे.

मुकुटबनला याचे काय, असे कोणी म्हणेल. झरी-जामणी तालुक्यातले हे गाव तेलंगणाच्या सीमेजवळ, चुनखडीवर वसलेले. सिमेंटचा मोठा कारखाना आता इथे उभा आहे. भोवताली कोलामांचे पोड, म्हणजे वस्त्या, आहेत. कोलाम ही राज्यातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी जमातींपैकी एक. इथल्या मुलाच्या घरी कोलामी, शाळेत मराठी, बाजारात थोडी तेलुगू आणि मोबाइलवर हिंदी. चार भाषांपैकी त्याच्याशी दिवसभर न थकता बोलणारी एकच, ती मोबाइलवरची. ती काय बोलते, हे तपासायला घरात कोणाला सवड नाही.

ती पुष्कळ निरुपद्रवी गोष्टी बोलते, हे खरे. पण गोष्टींच्या ढिगात चेटकीण हमखास सापडते: म्हातारी, एकटी, सुरकुतलेली, गावाबाहेर राहणारी. राक्षस काळा, राजपुत्र गोरा. ‘छोटा भीम’ या लोकप्रिय मालिकेत दांडगटाचे नावच कालिया! पोडावरच्या मुलाने आरशात पाहिले, तर त्याला आपला चेहरा कोणाच्या बाजूचा दिसेल?

यावर ठरलेला आक्षेप येतो: आजीनेही भुताच्या गोष्टी सांगितल्या, आम्ही काय बिघडलो? पहिली गोष्ट, बिघडलो नाही हे आपणच आपल्याला दिलेले प्रमाणपत्र आहे. 2021 च्या ऑगस्टमध्ये चंद्रपूर जिल्ह्यात, जिवती तालुक्यातल्या वणी खुर्दला जादूटोण्याच्या संशयावरून वृद्ध स्त्री-पुरुषांना भरचौकात बांधून मारले. मारणाऱ्यांनी आणि बघणाऱ्यांनीही लहानपणी गोष्टी ऐकल्याच होत्या. त्या माराला कार्टून कारण होते, असे मी म्हणत नाही. एकट्या म्हातारीकडे संशयाने पाहायची सवय मात्र लहानपणीच लागते. दुसरी गोष्ट, आजीला ‘हे खरं का गं?’ असे विचारता येत होते. पडदा उत्तर देत नाही, पुढची गोष्ट लावतो.

दुसरा आक्षेप धर्माचा. मारुतीने द्रोणागिरी उचलल्याची कथा चितारली म्हणून कोणाची बुद्धी नासत नाही. ते काव्य आहे आणि मूल काव्य ओळखते. पण तापाने फणफणलेले पोर अंगाऱ्याने बरे होताना दाखवले, तर ते काव्य राहत नाही, तो चुकीचा औषधोपचार होतो. जादूटोणाविरोधी कायदा व्हावा म्हणून डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षे झगडले. 20 ऑगस्ट 2013 रोजी त्यांचा खून झाला, तेव्हा कुठे त्याच महिन्यात वटहुकूम निघाला. दर 20 ऑगस्टला त्यांचा फोटो स्टेटसला ठेवणारा सुशिक्षित बाप जेवताना पोराच्या हाती मोबाइल देतो आणि त्यात काय चालले आहे याकडे ढुंकून पाहत नाही. याला दुटप्पीपणा म्हणतात.

बंदी हा उपाय नाही, आणि चांगले चित्र चालत नाही ही सबब खोटी आहे. दादासाहेब फाळके भांडवल शोधत होते, तेव्हा त्यांनी वाटाण्याचा अंकुर फुटून वाढतानाची चित्रफीत करून दाखवली. पैसेवाल्याला भुलवायला त्यांना चमत्कार लागला नाही, निसर्गातले सत्य पुरले. विजया मुळे यांनी 1974 साली ‘एक अनेक और एकता’ केला. भीमसेन यांच्या चित्रांचा हा छोटा चित्रपट दूरदर्शनवर पाहिलेली पिढी आज पन्नाशीला आली, तरी त्यातले गाणे विसरलेली नाही.

म्हणून संगीत कंपन्यांकडे मागणी करायला हवी: गोष्ट कोणत्या वयासाठी आहे आणि ती कोणी लिहिली, हे पडद्यावर छापा, आणि एवढा पैसा मिळवता आहात, तर कोलामीत चार गाणी काढा. मुकुटबनच्या पालकांकडे मागणी याहून साधी आहे. आज रात्री पोर जे पाहील, ते शेजारी बसून शेवटपर्यंत पाहा. चेटकीण आली, तर मोबाइल थांबवा आणि त्याला वणी खुर्दच्या चौकात काय घडले ते सांगा.