मीठ आणि टाळी

ज्याचे खावे मीठ, त्याचे करावे नीट, असे आपण म्हणतो. आणि ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी, असेही म्हणतो. दोन्ही म्हणी एकाच स्वयंपाकघरातून निघाल्या असाव्यात, पण त्यांच्या वाटा निराळ्या आहेत. पहिली यजमानाचे भले करायला सांगते, दुसरी त्याची री ओढायला. पंगतीला बसलेल्याला हा भेद सहसा जाणवत नाही, कारण तशी वेळच येत नाही. परक्या देशी संशोधनाला गेलेल्या माणसावर मात्र ती येऊ शकते. त्याची बसायची जागा, उपकरणे, पदवी, सारे यजमानाच्या हाती. आणि जे काम तो करीत असतो, त्यातच यजमानाचे म्हणणे खोटे ठरण्याचा संभव. अशा वेळी पाहुण्याने काय करावे?

इरावतीबाई कर्वे यांच्यासमोर हा प्रश्न उभा राहिला होता. १९०५ साली ब्रह्मदेशात जन्मलेल्या आणि पुण्यात वाढलेल्या इरावतीबाई १९२८ च्या सुमारास बर्लिनला गेल्या. सासरे महर्षी धोंडो केशव कर्वे यांना हे जाणे पसंत नव्हते. स्वतः जर्मनीत रसायनशास्त्र शिकून आलेले पती दिनकरराव पाठीशी होते. बर्लिनच्या डालेम भागात १९२७ साली मानववंशशास्त्राची एक नवी संस्था निघाली होती. ऑयगेन फिशर हे तिचे संचालक, आणि तेच इरावतीबाईंचे मार्गदर्शक. युरोपियनांच्या मेंदूचा उजवा पुढचा भाग मोठा असतो, त्यामुळे त्यांची कवटी दोन्ही बाजूंना सारखी नसते, आणि हीच त्यांच्या श्रेष्ठ बुद्धीची खूण, असा त्यांचा तर्क होता. त्याला मोजमापांचा आधार हवा होता.

इरावतीबाईंनी दीडशेच्या आसपास कवट्या मोजल्या. त्यांत युरोपियनांच्या होत्या, तशाच आफ्रिकेतील वसाहतीतून आणलेल्याही. कवटी थोडीफार वाकडी असते हे खरे निघाले. पण ती सगळ्यांचीच असते. वंशाचा आणि त्या वाकडेपणाचा काही संबंध त्यांना आढळला नाही, आणि तसेच त्यांनी प्रबंधात लिहिले. पदवी मिळाली, गुण मात्र अगदी बेताचे मिळाले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात.

हे वाचताना सोपे वाटते. पण गुण देणाऱ्याच्या मनातले उत्तर ओळखून लिहिण्याची सवय माणसाला शाळेच्या बाकावरच लागते, हे माझ्यासारखा मास्तर रोज पाहतो. तिथे तर पंचविशीच्या आतबाहेरची एक बाई, परकी भाषा, घरापासून हजारो मैल, आणि पदवी हुकली तर रिकाम्या हाताने परतणे. चार आकड्यांकडे काणाडोळा केला असता तर कुणाला कळलेही नसते. शिवाय कृतज्ञता ही काही खोटी गोष्ट नव्हे. ज्याने दार उघडले, विद्या दिली, त्याला दुखवू नये असे वाटणे सज्जनपणाचेच लक्षण आहे. म्हणून तर पेच खरा आहे.

माझ्या मते तो असा सुटतो. यजमानाच्या घरची रीत पाळावी; घरचे माप खोटे करू नये. तो जेवतो त्या वेळी जेवावे, त्याची भाषा शिकावी, त्याच्या सणाला नटावे. एवढे पाहुणेपण त्याला देणे आहे. पण संशोधकाला बोलावतात ते मोजण्यासाठी, आणि मोजणे नीट करणे हेच त्याचे मीठ फेडणे. टाळी वाजवणारे यजमानाच्या घरी आधीच पुष्कळ असतात. फिशर यांच्याभोवतीही होते. १९३३ साली हिटलर सत्तेवर आला, फिशर बर्लिन विद्यापीठाचे प्रमुख झाले, आणि ‘हीन’ ठरवलेल्या माणसांच्या सक्तीच्या नसबंदीला या संस्थेचे शास्त्र उपयोगी पडले. इरावतीबाईंच्या प्रबंधाने ते थांबले नाही. मग उपयोग काय, असे कुणी विचारील. उपयोग इतकाच की त्या अन्यायाला आधार देणाऱ्यांत त्यांच्या मोजमापाची भर पडली नाही. एकट्या माणसाकडून कित्येकदा एवढेच होऊ शकते, आणि ते थोडे नव्हे.

तरीही हिशेब पुरता मिटत नाही. ज्यांच्या कवट्या त्या टेबलावर होत्या, त्यांना कुणी विचारले होते? आणि यजमानाचा निष्कर्ष नाकारला तरी त्याची मोजपट्टी इरावतीबाईंनी सोबत आणलीच. पुढे कित्येक वर्षे त्या महाराष्ट्रातल्या जातीजमातींची शरीरे मोजीत राहिल्या. परक्या घरचे काय घ्यावे आणि काय तिथेच ठेवावे, हे ठरवायला कधी कधी एक आयुष्यही पुरत नाही.

आज आपल्या कितीतरी घरांतली मुले-मुली दूरदेशीच्या प्रयोगशाळांत आहेत. तिथेही शिष्यवृत्ती आणि शिफारसपत्र यांच्या दोऱ्या पुष्कळदा एकाच माणसाच्या हाती असतात. दिवाळीचा फराळ त्यांना पोचता करताना आपण विचारतो, तब्येत कशी आहे, थंडी फार आहे का, साहेब खूश आहेत ना? यांतला शेवटचा प्रश्न गाळावा, असे मला वाटते. त्याऐवजी, काम खरे चालले आहे ना, एवढेच विचारावे. आणि उत्तर म्हणून साहेब नाखूश असल्याचे कळले, तर घाबरून जाऊ नये.