विद्या वाळवंटी उतरली पाहिजे



कीर्तन संपले, बुक्का लावून झाला, की कोणी ना कोणी आम्हांस विचारतो, "महाराज, हे विद्यापीठातले पंडित देवाविषयी लिहितात, वारीविषयी लिहितात, सरकारच्या कारभारावरही बोलतात. यांचे ऐकावे, की कानांवर हात ठेवावेत?" प्रश्न सरळ आहे. उत्तरही सरळच देऊ.

न्यायशास्त्रात चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य कळावे म्हणून करतात तो वाद. आपली सरशी व्हावी म्हणून करतात तो जल्प. आणि स्वतःचा पक्षच मांडायचा नाही, नुसते दुसऱ्याचे मोडायचे, ती वितंडा. आज चौकात पाहा, हातातल्या मोबाइलात पाहा. जल्प आणि वितंडा उदंड, वाद मात्र शोधून सापडत नाही. पंडिताचे ऐकताना पहिली कसोटी हीच लावा. पदवी मागाहून पाहू.

शोधाचे आपल्या संप्रदायाला वावडे नाही, बरे का! शके १५०६ मध्ये नाथमहाराजांनी ज्ञानेश्वरी शुद्ध केली. लोकांनी मध्ये घुसडलेले अपपाठ काढून टाकले आणि यापुढे कोणी पदरची ओवी घालू नये, अशी ताकीद दिली. हे संशोधन नव्हे तर काय? अलीकडे सोनोपंत दांडेकर, आपले मामासाहेब, पुण्यास महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवीत आणि वारीही चालत. त्यांना दोहोंत विरोध दिसला नाही.

आता एका विदुषीची कथा ऐका. इरावतीबाई कर्वे, जन्म १९०५. मानववंशशास्त्र शिकायला जर्मनीत बर्लिनला गेल्या. तेथील गुरूचे म्हणणे असे, की गोऱ्या लोकांच्या कवटीच्या दोन बाजू सारख्या नसतात, आणि त्यावरून त्यांची बुद्धी श्रेष्ठ ठरते. हे सिद्ध करण्याचे काम बाईंकडे आले. बाईंनी १४९ कवट्या मोजल्या आणि लिहून दिले, की असा भेद दिसत नाही! परका देश, समोर परीक्षा घेणारा गुरू. मान डोलावली असती तर सोपे होते. पण मापात आले तेच लिहिले. पुढे १९३३ पासून त्याच देशात वंशश्रेष्ठत्वाच्या नावाने राज्य चालले आणि लाखो निरपराधांचे प्राण गेले. एका मापाचे मोल केवढे असते, ते यावरून कळावे.

त्याच बाई पुढे माउलींच्या पालखीबरोबर पंढरीस चालत निघाल्या. त्यांचा 'वाटचाल' हा लेख १९४९ च्या 'परिपूर्ती' पुस्तकात आहे. ज्या प्रदेशातले लोक पंढरीला जातात तो महाराष्ट्र, अशी व्याख्या त्यांना या वाटेवर सापडली. आम्हां वारकऱ्यांना हे गोड लागते. पण त्याच लेखात कडू घोटही आहे. दिंडी एक, भजन एक, नाम एक. आणि दुपारी चुली मात्र वेगळ्या! ब्राह्मणांची पंगत निराळी, मराठ्यांची निराळी. बाईंना ते सलले. त्या मराठा बायांत जेवायला बसल्या, तेव्हा त्या बाया मोकळ्या झाल्या, हात धरून चालू लागल्या, घरचे सुखदुःख सांगू लागल्या.

आता सांगा, ही वारीची निंदा झाली का? आम्ही म्हणतो, ही सेवा झाली. वैद्याने नाडी पाहून ताप सांगितला, तर तो रोग्याचा वैरी होत नाही. काला वाटताना आपण एकमेकांच्या मुखात घास घालतो आणि पंगतीला जात पाहतो, हे बाहेरून आलेल्या माणसाने दाखवावे लागले. आपल्या फडावर आज काय चालते, ते ज्याने त्याने पांडुरंगाला स्मरून पाहावे. लेख लिहिणाऱ्यावर रागावून चूल एक होत नाही.

आणखी एक. कोयनेच्या धरणाने गावेच्या गावे उठली. ज्यांची घरे-शेते पाण्याखाली गेली त्यांचे पुढे काय झाले, याची पाहणी इरावतीबाई आणि त्यांची कन्या जाई निंबकर यांनी केली. तिचा ग्रंथ १९६९ मध्ये निघाला. धरणाची वीज आपण सारे वापरतो. उठलेल्याला काय मिळाले, हे त्याच्या दारी जाऊन विचारणे हेही विद्येचेच काम. त्यालाच लोकसंग्रह म्हणावे.

म्हणून विद्वानांस आमचे हात जोडून सांगणे, की माउलींनी गीतेचा अर्थ मराठीत आणला, तशी तुमची विद्या लोकांच्या भाषेत आणा, वाळवंटी उतरा. मापात येईल तेच बोला; टाळ्यांसाठी नको, कोणाच्या भयाने नको. आणि वारकऱ्यांस सांगणे, की ऐका, मनन करा. चूक वाटले तर पुरावा मागा, उत्तर द्या. हात उगारू नका. ज्याच्या कपाळी बुक्का त्याने वाद करावा, वितंडा नव्हे. सत्य ऐकून जी भक्ती डळमळते ती मुळात कच्ची. विटेवरचा देव अठ्ठावीस युगे सारे ऐकत उभा आहे. आपणही थोडे ऐकावे.

रामकृष्णहरी.